स्वयंपाकघराचा आराखडा : त्रिकोण एक की दोन?



आपल्या ओळखीच्या कितीतरी घरांत सध्या एकच विषय चाललेला असतो. कुणाच्या शिकूनची जुनी इमारत पाडून नवी होणार आहे, कुणी मुलीच्या नव्या घराचे नकाशे पाहत आहे, तर कुणी तीस वर्षांचा ओटा काढून शिपुत्स करायचे ठरवले आहे. काब्लान एक कागद हाती देतो. त्यावर स्वयंपाकघराच्या जागी चार रेघा असतात. मग दुकानात गेले की विक्रेता रंगीत चित्रे दाखवतो, आणि घरातली मंडळी कपाटाच्या दाराचा रंग पांढरा घ्यावा की करडा, यावर तासभर बोलतात. सिंक कुठे, शेगडी कुठे, फ्रीज कुठे, हे मात्र दुकानदार पाच मिनिटांत ठरवून टाकतो.

आम्हांला हे उलटे वाटते. दाराचा रंग पाच वर्षांनीही बदलता येतो. पण भिंतीत गेलेला नळ आणि जमिनीखालून गेलेला सांडपाण्याचा पाइप वीस-पंचवीस वर्षे हलत नाही. आज पन्नाशीत असलेली बाई त्याच ओट्यापुढे पंचाहत्तरीची होणार आहे. तिचे गुडघे, तिची कंबर आणि तिच्या हातातले गरम पातेले यांचा विचार आजच करायला हवा. म्हणून हा धडा. आम्ही आयुष्यभर शाळेत शिकवले, तेव्हा सवयीप्रमाणे आधी थोडा इतिहास, मग नियम, मग एक सोडवलेले उदाहरण आणि शेवटी गृहपाठ, असा क्रम ठेवला आहे.

पावले मोजण्याची गोष्ट

कोकणातल्या आपल्या जुन्या घरांत ओटा नव्हताच. चुलीपुढे पाटावर बसलेल्या बाईच्या एका हाताला पाण्याचा हंडा, दुसऱ्या हाताला मिठा-मसाल्याचे डबे आणि समोर चूल असे. विळी आणि खवणीही बसल्या जागी. धूर होता, वाकणे होते, पाणी विहिरीवरून आणावे लागे, हे सगळे खरे. पण एकदा बसले की बहुतेक वस्तू हाताच्या टप्प्यात असत. ओटा आला, उभ्याने काम सुरू झाले आणि वस्तू लांब गेल्या. तेव्हापासून पावले वाढली.

ही पावले मोजण्याचा विचार अमेरिकेतील क्रिस्टीन फ्रेडरिक या बाईंनी १९१३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात मांडला. स्वयंपाक करणारी बाई कुठून कुठे जाते, हे त्यांनी नकाशावर रेघा ओढून दाखवले. जिथे रेघांचा गुंता, ती मांडणी वाईट. जिथे रेघा थोड्या आणि सरळ, ती चांगली. पुढे १९२६ साली व्हिएन्नाच्या मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की या वास्तुशिल्पी बाईंनी जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठी एक स्वयंपाकघर आखले. ते सुमारे १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब, इतके लहान होते. अशी जवळजवळ दहा हजार स्वयंपाकघरे बांधली गेली. आजच्या सलग ओट्याची आणि बसवलेल्या कपाटांची आजी ती हीच. तिच्यात एक उणीवही होती. ती एकाच माणसासाठी आखलेली होती. दुसरे माणूस मदतीला आले तर ते उभे कुठे राहणार? हा प्रश्न आपल्याला पुढे लागणार आहे.

१९४० नंतरच्या दशकात अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात घरबांधणीचा अभ्यास झाला आणि त्यातून कामाच्या त्रिकोणाचा नियम रूढ झाला. सिंक, शेगडी आणि फ्रीज हे त्रिकोणाचे तीन कोन. प्रत्येक बाजू साधारण १.२ ते २.७ मीटर असावी आणि तिन्ही बाजूंची बेरीज ४ ते ८ मीटरच्या आत. त्याहून कमी असेल तर हात हलवायला जागा नाही, आणि त्याहून जास्त असेल तर उगाच चालणे. त्रिकोणाच्या मधून घरातल्या इतरांची ये-जा नसावी, हेही महत्त्वाचे.

आपल्या घरात त्रिकोण दोन

हा नियम ज्यांनी केला त्यांच्यापुढे कोशेर स्वयंपाकघर नव्हते. दुकानातला आराखडा करणारा तोच नियम घेतो आणि दुसरे सिंक उरलेल्या जागी कुठेतरी बसवून देतो. मग काय होते? हलावी सिंक शेगडीला चिकटते, बसारी ताटांची जाळी दुधाच्या भांड्यांशेजारी येते, आणि घाईच्या वेळी चमचा चुकतो. तो चुकला की दोष बाईच्या लक्षाला दिला जातो. खरा दोष मांडणीचा असतो.

आमचे म्हणणे असे, की कोशेर घरात त्रिकोण दोन असतात. एक बसारी, एक हलावी. दोघांचा फ्रीज एक, बहुधा शेगडीही एक, पण सिंक आणि कामाचा ओटा वेगळा. आराखडा निवडताना हे दोन्ही त्रिकोण दोन रंगांच्या पेन्सिलीने काढावेत. दोन रंगांच्या रेघा फ्रीज आणि शेगडीपाशी भेटल्या तर हरकत नाही. त्या ओट्याच्या मध्यावर एकमेकींवरून जात असतील तर तो आराखडा परत करावा.

आता आपल्या समाजाची गोष्ट. हे दोन त्रिकोण सारखे मोठे असण्याची आपल्याला गरज नाही. आपली आमटी, रस्सा, मासे, पुलाव, बरेच काही नारळाच्या दुधावर चालते. नारळाचे दूध पार्वे, म्हणून ते मटणातही चालते आणि सणाच्या गोडातही. आपल्या आजीपणजींनी ही सोय शेकडो वर्षांपूर्वीच करून ठेवली आहे. गाईम्हशीचे दूध आपल्या घरात मुख्यतः चहाला, दह्याला आणि सकाळच्या न्याहारीला. तेव्हा ओट्याची दोन तृतीयांश लांबी बसारी व पार्वे कामाला आणि एक तृतीयांश हलावीला, अशी वाटणी बहुतेक घरांना पुरते. मुले-नातवंडे चीज आणि लोण्यावर वाढली असतील तर त्या घराने आपले माप आपण काढावे.

एकच सिंक बसत असेल तर दोन वेगळे टब आणि दोन वेगळ्या जाळ्या ठेवून काम चालवणारी घरे पुष्कळ आहेत. ओव्हनचे आणि भांडी धुण्याच्या यंत्राचेही प्रश्न येतात. ते हलाखाचे प्रश्न आहेत. ते आपापल्या रब्बींना विचारावेत, पण पाइप टाकण्याआधी विचारावेत.

मांडणीच्या पाच तऱ्हा

१. एका भिंतीचा ओटा. सगळे एका रांगेत. जागा कमी लागते आणि खर्चही कमी. पण त्रिकोण चपटा होतो, आणि दोन सिंके एका रांगेत आली की बसारी-हलावी शेजारीशेजारी येतात. नव्या इमारतींत दिवाणखान्याला लागून असा ओटा पुष्कळदा दिलेला असतो. घ्यावाच लागला तर दोन सिंके दोन टोकांना आणि शेगडी मध्ये, असे मागावे. यासाठी निदान साडेतीन-चार मीटर भिंत हवी.

२. समोरासमोर दोन ओटे. आमच्या मते कोशेर घराला ही सर्वांत सरळ मांडणी. एक बाजू बसारी, एक बाजू हलावी, मध्ये वाट. पाठ फिरवली की बाजू बदलली, इतके स्पष्ट. अट एकच, वाट पुरेशी रुंद हवी. एकट्या माणसाला १०५ ते ११० सें.मी. आणि दोघांना १२० सें.मी. ओट्याची खोली ६० सें.मी. धरली तर खोलीची रुंदी २४० सें.मी. लागते. जुन्या शिकूनमधली स्वयंपाकघरे कित्येकदा याहून अरुंद असतात. त्यावर तोड पुढच्या उदाहरणात आहे.

३. काटकोनी ओटा. दोन लगतच्या भिंतींवर. लांब बाजू बसारीला, आखूड बाजू हलावीला, अशी वाटणी सहज होते. शिवाय समोर मेजाला जागा राहते. कोपऱ्यातले कपाट मात्र अंधाऱ्या विहिरीसारखे असते. त्यात रोजची भांडी ठेवू नयेत. पेसाहची ठेवावीत.

४. तीन भिंतींचा ओटा. ओटा भरपूर, कपाटे भरपूर, आणि तिऱ्हाइताची ये-जा नाही. पण समोरासमोरच्या बाजूंमध्ये १२० सें.मी. राहायला हवेत, आणि मिर्पेसेत शेरूतचे दार याच खोलीतून असेल तर ही मांडणी जमत नाही.

५. मध्ये बेट. चित्रांत सर्वांत जास्त दिसते ते हेच. हिशेब करा : मागचा ओटा ६०, वाट ११०, बेट ९०, पलीकडची वाट ११०. झाले ३७० सें.मी. एवढी रुंदी असेल तर जरूर करावे. नसेल तर बेटाला वळसा घालून चालावे लागते, आणि वळशाची पावले रोज मोजली जातात.

दिवाणखान्याला उघडे स्वयंपाकघर असावे की बंद? उघडे असले की रांधणारी बाई एकटी पडत नाही; नातवंडे समोर दिसतात, गप्पा चालतात. पण फोडणी आणि मासे तळण्याचा वास पडद्यांत बसतो. उघडे हवे असेल तर शेगडीवरचा पंखा बाहेर हवा फेकणारा घ्यावा. जाळीतून हवा गाळून परत खोलीत सोडणारा घेऊ नये. ज्यांची खोली लहान आहे त्यांनी भिंत सगळी न पाडता अर्धी ठेवून तिच्यावर फळी बसवावी. आणि कोणतीही भिंत पाडण्याआधी ती इमारतीचा भार घेते की नाही, हे इंजिनिअरला विचारावे, मिस्त्रीला नव्हे. ममादच्या भिंतीला तर हातच लावू नये.

उंची आपल्या कोपराची

येथे ओटा बहुधा ९० सें.मी. किंवा थोडा जास्तच उंच करतात. आपल्या कितीतरी भगिनींची उंची १५० सें.मी.च्या आसपास आहे. ओट्याची उंची ठरवण्याची रीत सोपी आहे. सपाता घालून उभे राहा, कोपर काटकोनात वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून १० ते १५ सें.मी. वजा करा. दीड मीटर उंचीच्या बाईचे कोपर सुमारे ९४ सें.मी.वर येते; म्हणजे ओटा ८० ते ८४ सें.मी. हवा. खालच्या कपाटांचे पाय कमी-जास्त करता येतात, तेव्हा मागितले की मिळते. न मागितले तर खांदे उचलून कांदा चिरावा लागतो, आणि वर्षभरात मान दुखू लागते.

भाकरी थापणे, कणीक मळणे ही दाब देण्याची कामे. त्यांना ओटा आणखी खाली हवा. म्हणून एक ७५ सें.मी. उंचीची जागा, खाली गुडघे जातील अशी, प्रत्येक घरात असावी असे आम्ही सुचवतो. तिथे उभ्याने भाकरी थापता येते आणि खुर्चीवर बसून वालाचे बिरडे सोलता येते, लसूण निवडता येते, नारळ खवता येतो. म्हातारपणी उभे राहवत नाही म्हणून ज्या बाईला स्वयंपाकघरातून उठवून दिवाणखान्यात बसवले जाते, तिला ही पाऊण मीटर जागा परत आत आणते. हे आम्ही फार महत्त्वाचे मानतो. मलिद्याचे प्रमाण, हलव्याचा कस तिच्या हातात आहे. ती बाहेर बसली की ते शिकवणार कोण?

सण आणि शब्बाथ

मांडणी रोजच्यासाठी करावी, पण परीक्षा सणाच्या दिवशी घ्यावी. नव्याच्या सणाला, म्हणजे रोश हाशानाला, चिकाचा हलवा होतो. गव्हाचा चीक आणि नारळाचे दूध शेगडीवर कितीतरी वेळ ढवळत उभे राहावे लागते, आणि घट्ट झाले की लगेच थाळ्यांत ओतावे लागते. दोन मोठ्या थाळ्या शेजारीशेजारी ठेवायला ८० ते ९० सें.मी. मोकळा ओटा शेगडीला लागून हवा. तो नसेल तर गरम पातेले हातात घेऊन खोली ओलांडावी लागते. शेगडीच्या दुसऱ्या बाजूलाही निदान ३० सें.मी. ओटा असावा, म्हणजे पातेल्याचे कान वाटेत येत नाहीत.

शब्बाथला प्लाटा कुठे ठेवणार? आमची सूचना अशी, की कामाच्या त्याच मोठ्या ओट्यावर. शब्बाथला रांधायचे नसते, तेव्हा ती जागा त्या दिवशी रिकामीच असते. तिथे भिंतीत, घड्याळ लावता येईल असा स्वतंत्र प्लग आधीच मागून घ्यावा. लांब वायर सिंकवरून ओढू नये. पाण्याचा मेहाम ओट्याच्या कडेला नको, मुलांचा हात पोचतो.

पेसाहला आपले पूर्वज ‘अनाशी ढाकायचा सण’ म्हणत. आंबट रसाचे मडके त्या दिवसांत झाकून ठेवत, त्यावरून हे नाव. आपल्याला आता संपूर्ण संच झाकायचा असतो. पेसाहच्या भांड्यांसाठी एक कपाट वेगळे धरावे. ते बोयदेमवर असेल तर शिडी चढणारे तरुण माणूस घरात आहे का, हे स्वतःला विचारावे. नसेल तर ते खालीच असलेले बरे.

सोडवलेले उदाहरण

खोली २१० सें.मी. रुंद, ३४० सें.मी. लांब. एका आखूड भिंतीत आत यायचे दार, समोरच्या आखूड भिंतीत मिर्पेसेत शेरूतचे दार, दोन्ही मध्यावर. पाण्याचे व सांडपाण्याचे पाइप बाल्कनीच्या बाजूला.

दोन्ही ओटे ६० सें.मी. केले तर वाट ९० उरते. ओव्हनचे दार उघडले की माणूस अडकतो. म्हणून बसारी ओटा ६० आणि हलावी ओटा ४५ सें.मी. करू. वाट १०५ राहिली. एका माणसाला पुरेशी, आणि चालताना आधाराची चौकट वापरणाऱ्यालाही पुरेशी.

बसारी बाजू, बाल्कनीकडून दाराकडे : भांडी निथळायला ४०, सिंक ५०, मोकळा ओटा ९०, शेगडी ६०, पातेले उतरवायला ३०, फ्रीज ७०. बेरीज ३४०. सिंकच्या मध्यापासून शेगडीच्या मध्यापर्यंत १४५ सें.मी., शेगडीपासून फ्रीजपर्यंत ९५, फ्रीजपासून सिंकपर्यंत २४०. एकूण ४८० सें.मी., म्हणजे नियमात. शेगडी ते फ्रीज ही बाजू थोडी आखूड आहे. पण मध्ये ओटा आहे आणि तिथली ये-जा कमी असते, म्हणून चालेल.

हलावी बाजू, पुन्हा बाल्कनीकडून : निथळायला २०, लहान सिंक ४५, मोकळा ओटा ९५, मग गुडघे जातील असे ७५ उंचीचे मेज ८०, आणि दाराशी उंच कपाट १००. बेरीज ३४०. मोकळ्या ओट्यावर चहाची किटली. तिला येथे ‘कुमकुम’ म्हणतात हे ऐकून नव्याने आलेल्या कितीतरी आयाबहिणींना कुंकवाची डबी आठवून हसू आले असेल. फ्रीजपासून या ओट्यापर्यंत सव्वादोन मीटर होतात, म्हणजे तीन-चार पावले. सिंक फ्रीजकडे सरकवले तर पावले वाचतील. पण सांडपाण्याच्या पाइपाला दर मीटरला सुमारे दोन सें.मी. उतार लागतो, आणि लांब नेलेला पाइप तुंबतो. चहासाठी तीन-चार पावले चालणे बरे, असे आम्ही ठरवू. उंच कपाटाचा एक खण धान्याला, एक पेसाहला.

बसारी रेघा एका भिंतीलगत राहिल्या, हलावी रेघा दुसऱ्या भिंतीकडे. भेटल्या त्या फ्रीजपाशी, आणि दूध तापवले तर शेगडीपाशी. मेजाशी बसलेली आजी कुणाच्या वाटेत नाही, आणि तिच्या समोरच शेगडी आहे. हलवा पातळ राहिला की नाही, हे ती बसल्या जागेवरून सांगू शकते.

एक सावधगिरी. शायिश मागवण्यापूर्वी दोन्ही सिंकांची आणि शेगडीची जागा पक्की करा. तयार क्वार्ट्झ दगड कापताना उडणारी बारीक धूळ फुप्फुसाला फार घातक असते. येथील डॉक्टरांनी २०१२ साली असे दगड कापणाऱ्या कामगारांच्या आजाराची माहिती प्रसिद्ध केली, आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या दगडावर बंदी घातली. भोके कारखान्यातच, पाणी सोडून पाडून आणावीत. घरात कोरडी करवत चालवू देऊ नये. त्यात कारागिराचा जीव आहे आणि आपलाही.

गृहपाठ

१. चौकटीच्या वहीवर एका चौकटीला १० सें.मी. धरून आपली खोली काढा. दारे, खिडक्या, पाइप दाखवा.

२. एक दिवस चहापासून रात्रीच्या भांड्यांपर्यंत आपण कुठून कुठे जातो, त्या रेघा ओढा. बसारी व पार्वे लाल, हलावी निळी.

३. घरात जी व्यक्ती सर्वांत जास्त रांधते, तिच्या कोपराची उंची लिहा. दोघे रांधत असतील तर दोघांची.

४. मोठ्यात मोठे पातेले, हलव्याची थाळी आणि प्लाटा मोजा. ते कुठे ठेवणार, ते नकाशावर दाखवा.

५. दुकानात जाताना ही वही बरोबर न्या. विक्रेत्याचे चित्र पाहण्याआधी त्याला आपले चित्र दाखवा.

हिब्रू अडखळत बोलणाऱ्या भगिनींनी संकोच करू नये. नकाशाला भाषा लागत नाही. लाल आणि निळी रेघ काब्लानलाही कळते.

सर्वांना शालोम.